उताराला खपली धरली तो पावसाळा

आईनाचं झाड कुऱ्हाडीनं तोडताना आवाज थांबून थांबून येतो. जेसीबीनं उपटलं की तो एकदाच येतो, आणि जमिनीच्या आतून येतो. मुळं तुटतात तेव्हा जाड दोरखंड ताणून तटातट तुटावेत तसं काहीतरी होतं, आणि मग झाड आडवं पडतं. त्या मे महिन्यात मी परसात कपडे वाळत घालत होते आणि घरामागच्या उतारावरून तो आवाज दिवसभर येत होता. संध्याकाळपर्यंत वर एकही झाड उभं राहिलं नव्हतं. करवंदाच्या जाळ्या, कंबरेएवढं गवत, किंजळीची पोरसवदा झाडं, सगळं ओरबाडून एका कडेला ढीग करून ठेवलं होतं.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीनं तासाभरावर, आतल्या बाजूला. माझं माहेर मांडवीचं. समुद्राच्या काठी वाढलेल्या मुलीला पाण्याची भीती समोरून येते एवढंच ठाऊक असतं. डोंगरावरून, पाठीमागून पाणी अंगावर येऊ शकतं हे मला लग्नानंतर समजलं. मी जवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. नवरा जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने तो घरी नसतो. मुलगी शिकायला माझ्या आईकडे. तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो: मी, माझे सासरे आणि धाकटे दीर.

दीर बरीच वर्षं मुंबईत एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि ते परत आले. आले ते गप्प गप्पच. जेवताना मान वर करायचे नाहीत. कोणी काही विचारलं की कपाळावरची शीर उठायची. त्यांनी ठरवलं की मागच्या उतारावर हापूसची कलमं लावायची. सासरे म्हणाले, "कलमं लाव, पण खड्ड्यापुरतीच जागा मोकळी कर. बाकी झाड-झुडूप राहू दे."

"अर्धवट काम मला जमत नाही, बाबा," दीर म्हणाले.

त्यांनी पूर्ण काम केलं. उतार साफ झाला, मग डंपरनं बाहेरची बारीक लाल माती आणून त्यावर पसरली. जेसीबी त्यावरून वर-खाली फिरत राहिला. मेच्या उन्हात ती माती दळल्यासारखी बारीक झाली. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुतायचं आणि धुरळा उठायचा. घरातल्या भांड्यांवर, पांघरुणांवर, मिठाच्या बरणीवरसुद्धा तांबूस थर बसत होता.

उताराच्या पायथ्याला एका बाजूला आमचं घर आणि गोठा, दुसऱ्या बाजूला सासऱ्यांच्या चुलत भावाची भाताची खाचरं आणि विहीर. त्यांना आम्ही काका म्हणतो. मध्ये दगड रचून केलेला गडगा, कमरेएवढा उंच. काकांचा राग गावाला माहीत होता. एकदा बाजारात मापावरून वाद झाला तेव्हा त्यांनी दुकानदाराचा तराजूच उचलून गटारात फेकला होता. पण सासऱ्यांपुढे ते आवाज चढवत नसत. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले.

जेसीबी गेला त्या दिवशी काका गडग्यापाशी येऊन उभे राहिले. "दादा," ते सासऱ्यांना म्हणाले, "तुजा पोरगा काय करून बसलाय ते बगितलंस? आता हे सगळं पाणी माज्या खाचरात येनार."

सासऱ्यांनी उत्तर द्यायच्या आत दीर म्हणाले, "पाणी खालीच जातं, काका. ते काय मी शिकवलंय त्याला?"

काका जमिनीवर थुंकले आणि वळून गेले.

जूनमध्ये पाऊस लागला. कोकणातल्या पावसाला पडणं हा शब्द पुरत नाही. तो मारतो. थेंब बोराएवढे, वाऱ्यानं तिरके झालेले, आणि एकामागून एक. पूर्वी त्या उतारावर पानं होती, गवत होतं. थेंब आधी पानावर फुटायचा, मग गवतावर, आणि जमिनीपर्यंत येईतो त्यातला जोर गेलेला असायचा. आता काही नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघायचे तर सगळा उतार उकळत असल्यासारखा दिसायचा. प्रत्येक थेंब मातीत खड्डा पाडायचा आणि चिखलाचे शिंतोडे हातभर उडवायचा. आमच्या घराची मागची भिंत पांढरी होती. आठवड्याभरात ती कमरेपर्यंत लाल झाली, कोणीतरी मुठी भरभरून चिखल मारल्यासारखी.

मग चार-पाच दिवसांची उघाड आली. ऊन पडलं. शाळेतून आले तेव्हा उतार चमकत होता. एवढा गुळगुळीत मी तो कधीच पाहिला नव्हता. चहा न घेताच मी वर गेले.

पाऊल टाकलं तर खाली कडकन् काहीतरी मोडलं. वाकून पाहिलं तर मातीचा वरचा थर वाळून कडक पापुद्रा झाला होता, घावन तव्यावर जास्त राहिलं की कडा वर उचलते तसा. मी नखानं एक तुकडा उचलला. तळहाताएवढा तुकडा अखंड निघाला. वरून गुळगुळीत, आणि जाडी जेमतेम पुठ्ठ्याएवढी. त्याखाली मी बोट घातलं आणि थबकले. खालची माती कोरडी होती. पंधरवडाभर झोडपणारा पाऊस झाला होता, घरातल्या चादरी वाळत नव्हत्या, काड्यापेटीला ओल धरली होती, आणि त्या उताराची माती बोटभर खाली मेमधल्यासारखीच भुसभुशीत आणि कोरडी होती.

दिरांनी कलमांच्या खड्ड्यांमधल्या जागेत नाचणी पेरली होती. ती उगवली नाही म्हणून ते बियाणं विकणाऱ्याला शिव्या देत होते. मी आणखी एक पापुद्रा उचलला. त्याखाली नाचणी होती. पहिल्या सरींच्या ओलीवर कोंब निघाले होते, पांढरे, आजारी, वरच्या थराला डोकं लावून वाकलेले. काही तर वाट शोधत आडवे बरंच लांब गेले होते आणि तिथंच मेले होते. मी त्यांच्याकडे बघत किती वेळ बसले कोण जाणे.

काय झालं होतं ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी काकी, म्हणजे काकांची बायको, पाणी भरायला विहिरीवर आली तेव्हा मी तिला तेच सांगितलं. मातीचे बारीक बारीक खडे असतात. त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते आणि पाणी तिच्यातून खाली उतरतं. उघड्यावर मारा झाला की ते खडे फुटतात, त्यांचं पीठ होतं आणि ते पीठ त्या जागा बुजवून टाकतं. वरून लिंपण बसतं. मग कितीही पाऊस आला तरी तो वरच्या वर घसरून जातो.

काकी कळशी कमरेवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे आपण अंगण सारवतो तसं. पावसानं तुमचा डोंगर सारवला."

याहून नेमकं मला वर्गातही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी दुपारी मी दिरांना वर घेऊन गेले. तांब्यात पाणी नेलं होतं. उघड्या जागेवर मी ते ओतलं. पाणी क्षणभर फुगून उभं राहिलं आणि ओहोळ होऊन खाली पळालं, जमिनीनं त्याला स्पर्शच केला नाही जणू. मग कडेला जेसीबीच्या तडाख्यातून वाचलेल्या एका करवंदीच्या जाळीखाली, पाल्यावर, उरलेलं पाणी ओतलं. ते आवाज करून आत गेलं. पुन्हा दिसलं नाही.

"भावोजी, पाणी आत जातच नाहीये. एवढ्यावरच थांबलंय ते नशीब. मोठी सर आली की सगळं एकदम खाली येईल. वर काहीतरी पसरू या, गवत, पाला, काहीही. आडवे चर मारू या."

त्यांच्या कपाळावरची शीर उठली. "वहिनी, शाळेत मुलं असतात. तिथं शिकवा," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला तांब्या हिसकावला आणि उतारावरून खाली भिरकावला. तो दगडावर आपटत, ठणठणत गोठ्यापर्यंत गेला. म्हैस दचकून दाव्याला हिसडे देऊ लागली.

मी हे नवऱ्याला फोनवर सांगितलं. जहाजावरचा फोन, आवाज तुटत होता. "मी आलो की बोलतो त्याच्याशी," एवढंच मला ऐकू आलं.

जुलैमध्ये काकांची लावणी झाली. काका-काकी दोघांनीच वाकून वाकून खाचरं लावली. मदतीला माणूस मिळत नव्हतं. त्यांची मुलं मुंबईला. शेवटचं खाचर लावून झालं त्या दिवशी काकी गडग्याला टेकून माझ्याशी बोलली. तिच्या हातांची बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती. "झालं बाय एकदाचं," ती म्हणाली.

तो रविवार होता. मोबाइलवर आदल्या दिवसापासून रेड अलर्टचे मेसेज येत होते, पण ते येतच असतात. सकाळी मी भाकऱ्या करत होते आणि पाऊस असा काही सुरू झाला की तव्यावरच्या भाकरीचा आवाज मला येईना. पत्र्यावर गोटे ओतल्यासारखं चाललं होतं. मग त्या आवाजाखालून आणखी एक आवाज यायला लागला, घुमणारा. मी खिडकीशी गेले.

सगळा उतार चालत होता. पाणी ओहोळातून येत नव्हतं, ते चादरीसारखं सबंध उतरत होतं. लाल, दाट, फेसाळ. मध्ये जिथं पापुद्रा फुटला तिथं ते आत घुसून माती उचलत होतं आणि बघता बघता चर पडत होता. दिरांनी लावलेलं एक कलम पिशवीतल्या मातीसकट उभंच्या उभं खाली वाहत आलं आणि गडग्याला अडलं. सगळा लोंढा काकांच्या खाचरांकडे वळत होता. गडग्याच्या खालच्या टोकाशी जमिनीचा कल त्यांच्याच बाजूला होता. हिरवी रोपं एका बाजूनं लाल होत गेली आणि मग दिसेनाशी झाली.

काका पावसातून धावत आले. हातात पहार. त्यांनी गडग्याच्या मधोमध पहार घातली आणि दगड ढासळवायला लागले. तिथून गडगा फुटला की पाणी आमच्याकडे वळणार होतं, थेट गोठ्यावर.

दीर ओटीवरून उडी मारून गेले. जाताना भिंतीला टेकलेलं फावडं उचललं. मी मागे धावले, सासरे माझ्या मागे.

"काका, हात लावू नका! सांगतोय!"

"माजी खाचरं बग! डोळं फुटलं काय तुजं? बग तिकडं!"

"गोठ्यात जनावर आहे!"

"आनि मी काय खाऊ? तुजी कलमं?" काकांनी पुन्हा पहार घातली. एक मोठा दगड निखळला आणि त्या भगदाडातून पाणी धबधब्यासारखं आमच्या बाजूला कोसळलं.

दिरांनी फावडं फिरवलं. दांड्याच्या बाजूनं. ते काकांच्या खांद्याला लागलं आणि एवढ्या पावसातही हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. काकांच्या हातातली पहार पडली. ते गुडघ्यावर आले. त्यांचा उजवा हात लोंबत होता. डावा हात मागे गेला, कमरेला लाकडी आकडीत कोयती अडकवलेली असते तिकडे. ते उठले ते कोयती घेऊनच.

सासरे मध्ये कधी शिरले ते मी पाहिलं नाही. मला फक्त त्यांचा वर झालेला तळहात दिसला, मुलाला "थांब" म्हणताना करतात तसा, आणि त्यावर खाली आलेली कोयती. ते ओरडले नाहीत. त्यांनी हात छातीशी घेतला आणि दुसऱ्या हातानं धरला. रक्त कोपरावरून खाली गळत होतं, पण खाली घोटाभर लाल पाणी वाहत होतं. त्यात पडलेलं रक्त दिसतच नव्हतं.

"दादा!" काका म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम पोराचा झाला. कोयती त्यांच्या हातातून सुटून पाण्यात गेली. "दादा, तू कशाला... दादा..."

दीर थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा फावडं उचललं. मी ते मागून धरलं. त्यांनी कोपर मारलं, ते माझ्या तोंडावर बसलं आणि मी चिखलात पडले. ओठ फुटला होता. उठते तोवर काकी आली होती. डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं उडून गेलेला, केस सुटलेले. तिनं सरळ दिरांच्या थोबाडीत मारली. मग वळून नवऱ्याच्याही मारली. आणि मग दोघांच्या मध्ये उभी राहून ती ओरडायला लागली. शब्द नव्हते त्यात, नुसतं ओरडणं.

त्याच वेळी गोठ्याची मागची भिंत बसली. मातीची भिंत होती. भगदाडातलं पाणी तिच्या बुडाला लागलं आणि ती आवाज न करता आत झुकली. मग म्हशीचा आवाज आला. तो मी इथं लिहू शकत नाही. दिरांच्या हातातलं फावडं गळून पडलं आणि ते तिकडे धावले. नुसत्या हातांनी त्यांनी चिखल उपसला, वासे ओढले. म्हशीचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. ती दुपारपर्यंत जगली.

गावात त्या वेळी एकच टेम्पो हाताशी होता. त्यामुळे सासरे आणि काका एकाच टेम्पोतून रत्नागिरीला गेले, मी मधे बसले. सासऱ्यांच्या हाताला माझी ओढणी गुंडाळलेली, ती भिजून जड झाली होती. काका खांदा धरून खिडकीला टेकले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या घशातून बारीक आवाज यायचा. वाटेत दोन ठिकाणी डोंगराची माती रस्त्यावर आली होती, ड्रायव्हर शिव्या देत कडेकडेनं काढत होता. अर्ध्या वाटेत सासऱ्यांना घेरी आली आणि त्यांचं डोकं माझ्यावरून ओघळून काकांच्या मोडलेल्या खांद्यावर गेलं. काकांनी दात आवळले. पण डोकं बाजूला केलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"चारा कापताना लागलं," सासरे म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"घसरलो," काका म्हणाले.

डॉक्टरांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं, मग माझ्या फुटलेल्या ओठाकडे. "आणि यांना?"

मी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला खूप राग आला होता, सगळ्यांचाच. बाहेर बाकावर बसल्यावर मी सासऱ्यांना विचारलं, "खोटं कशाला सांगितलंत? उद्या पुन्हा होईल."

ते बँडेज केलेल्या हाताकडे बघत होते. "खरं सांगितलं तर दोघंही आत जातील," ते म्हणाले. "आणि पाऊस तर अजून अर्धा बाकी आहे. तो डोंगर कोण झाकणार, सूनबाई?"

दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवल्या, पण ती बोटं पुढं कधी वळली नाहीत.

पावसानं जरा श्वास घेतला तशी काकी आली. तिच्या डोक्यावर पेंढ्याचा भारा होता. तिनं तो आमच्या मागच्या दारात टाकला आणि म्हणाली, "तुमच्याकडचा पन काढ. म्हैस नाय, आता कोनासाठी ठेवतेस?"

खरंच, खायला कोणी नव्हतं. आमच्या पडवीत वर्षाचा पेंढा रचून ठेवलेला होता. आम्ही दोघी वर चढलो. उतार पुन्हा वाळून कडक झाला होता, मध्ये मध्ये गुडघाभर खोल घळी. आम्ही कुदळीनं तो पापुद्रा फोडत गेलो. घाव घातला की तो कौलासारखा फुटायचा. फोडलेल्या जागेवर पेंढा पसरायचा, त्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकायच्या, म्हणजे वाऱ्यानं उडू नये. मे महिन्यात कडेला लोटलेल्या ढिगातल्याच फांद्या होत्या त्या. हात काट्यांनी सोलून निघाले. थोड्या थोड्या अंतरावर उताराला आडवे चर खणले. काकी माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं खणायची. नवऱ्याबद्दल, माझ्या दिरांबद्दल ती काही बोलली नाही. एकदाच कुदळ थांबवून म्हणाली, "त्या दिवशी दोगांना मारलं, पन माजाच हात अजून दुकतो."

दीर ओटीवर बसून असायचे. जेवत नव्हते फारसे. एका दुपारी ते वर आले आणि पेंढा उचकटून फेकायला लागले. "कुजतील माझी कलमं! वाळवी लागेल! कोणी सांगितलं तुम्हाला?" काकी आडवी गेली तर त्यांनी तिचा दंड पकडला आणि पिरगाळला. ती कळवळली.

माझ्या हातात कुदळ होती. ती मी डोक्याच्या वर उचलली. "हात सोडा, भावोजी."

ते माझ्याकडे वळले. मी कुदळ खाली घेतली नाही. त्या क्षणी मी ती मारली असती. मला आजही याबद्दल शंका नाही, आणि ते त्यांनाही दिसलं असावं. माझे हात थरथरत नव्हते, याचीच मला नंतर भीती वाटली. त्यांनी दंड सोडला. खाली उतरताना पाय घसरून ते पडले, पुन्हा उठले आणि मागे न बघता घरात गेले.

पेंढा संपला तेव्हा उताराचा वरचा तिसरा हिस्सा उघडाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा धो धो पाऊस आला. मी छत्री घेऊन वर गेले. छत्री लगेच उलटी झाली, मग तशीच भिजत उभी राहिले. वरच्या उघड्या भागातून पाणी लालभडक धावत येत होतं. पहिल्या चरात ते आदळायचं, फिरायचं, मंद व्हायचं. झाकलेल्या भागावर पावसाचा आवाजच वेगळा होता, ओल्या घोंगडीवर पडावा तसा. मी वाकून पेंढा बाजूला केला आणि बोट घातलं. ते सहज दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. खाली ओल होती. सगळ्यात खालच्या चरातून काकांच्या खाचराकडे पाणी झिरपत होतं, पण गढूळ नव्हतं फारसं. खाचरातली बुजलेली रोपं गेलीच होती. काकीनं तरव्यात उरल्यासुरल्या रोपांतून एक कोपरा पुन्हा लावला. त्या वर्षी त्यांना भात विकत आणावं लागलं.

नवरा दिवाळीला आला. वडिलांचा हात पाहून त्यानं विचारलं. सासरे म्हणाले, "चारा कापताना." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याला सगळं सांगितलं, भाऊ समोर बसलेला असताना. नवरा उठला. मला वाटलं आता हा भावाला मारणार. तो चपला घालून काकांच्या घरी गेला आणि बराच वेळ आला नाही. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही. आल्यावर भावाला एवढंच म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मीही मारलं असतं कदाचित. म्हणून तुला काही बोलत नाही. पण काकांसमोर जाऊन उभा राहा एकदा."

दीर गेले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात काकांची विहीर एप्रिलमध्येच आटली. असं पूर्वी झालं नव्हतं. जे पाणी जून-जुलैमध्ये डोंगरात मुरून तिच्यापर्यंत यायचं ते त्या वर्षी नदीला जाऊन मिळालं होतं. काकी आमच्या नळावर पाणी भरायला यायची. दीर समोर असले तर ती हंडा तिथंच ठेवून परत जायची आणि ते गेले की यायची.

कलमांपैकी झाकलेल्या भागातली जगली. वरची सगळी मेली, उन्हानं नाही, मुळं उघडी पडून.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी एके सकाळी मला वरून कुदळीचा आवाज आला. दीर एकटेच वरच्या उघड्या भागात होते. त्यांनी आडवे चर आखले होते, दोरी लावून, अगदी सरळ. अर्धवट काम त्यांना जमतच नाही. कुठून कुठून पाला गोळा करून आणत होते, माथ्यावरच्या कातळाच्या सड्यावरचं गवत कापून आणत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "नको, वहिनी." आवाज रागाचा नव्हता. मी परत आले.

आता तिथं पुन्हा गवत आहे, किंजळीचे फुटवे आहेत. मागच्या मे महिन्यात काकांच्या विहिरीत तळाला पाणी टिकलं होतं. काकांचा खांदा वाकडाच जुळला. हवा दमट झाली की तो दुखतो. सासऱ्यांना मध्यंतरी ताप होता तेव्हा काका रोज येऊन त्यांच्या उशाशी बसायचे, त्या न वळणाऱ्या बोटांना तेल चोळायचे. ते पुढच्या दारानं आले की दीर मागच्या दारानं बाहेर पडायचे. अजून तसंच चालू आहे.

पाऊस फार जोरात आला की दीर कुठंही असले तरी उठतात. कागद पांघरतात आणि वर जातात. कुठं पाला वाहून गेलाय, कुठं जमीन उघडी पडलीय ते वाकून वाकून बघत फिरतात आणि हातानं झाकत जातात. खिडकीतून मला ते दिसतात. पावसात हाक ऐकू जात नाही, म्हणून मी मारत नाही. त्यांचं जेवण झाकून चुलीच्या कडेला ठेवते.